साधी दिसणारी गाठ

‘गाठ साधी आहे’ या तीन शब्दांत घराचे वातावरण पालटण्याची केवढी शक्ती असते, हे ज्या कुटुंबाने तपासणीच्या अहवालाची वाट पाहिली आहे त्यालाच ठाऊक. आठ दिवस धड न जेवलेली माणसे पानावर बसतात. मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना फोन जातात. रविवार कारंजावरच्या किंवा मेन रोडवरच्या दुकानात मालकाचे लक्ष पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळते. अहवालाचा कागद घडी घालून कपाटात जातो आणि बहुधा तो पुन्हा कोणी उघडत नाही. पुष्कळदा यात गैर काहीच नसते. डॉक्टरांनी साधी म्हटलेली गाठ बहुतेक वेळा साधीच असते, आणि त्या शब्दावर अविश्वास दाखवून कोणाची झोप उडवावी असे मुळीच नाही.

मूत्राशयाच्या कर्करोगाचा एक दुर्मिळ प्रकार मात्र असा आहे की, त्याच्याविषयी हा निर्वाळा एकदा शास्त्रीय नियतकालिकातच छापून आला होता. १९७९ साली ‘युरॉलॉजी’ या नियतकालिकात स्टर्न या वैद्यकतज्ज्ञाने मूत्राशयातील एका गाठीचे वर्णन केले आणि ती असाधारण असली तरी निर्धोक आहे, असे म्हटले. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसले त्याला धरूनच तो निष्कर्ष होता. पेशी शांत होत्या, नीटनेटक्या होत्या, कर्करोगाच्या पेशींचा बेढबपणा त्यांच्यात नव्हता. पुढे अशाच गाठी आणखी काही रुग्णांत सापडल्या आणि त्या स्नायूंत शिरतात, लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचतात, माणसाचा जीव घेतात, हे लक्षात येऊ लागले. १९८९ मध्ये टॅल्बर्ट आणि यंग या दोघांनी ‘फसवेपणाने निर्धोक दिसणाऱ्या’ भागांचे मूत्राशयाचे कर्करोग म्हणून त्यांची मांडणी केली. १९९२ मध्ये मर्फी आणि डीना यांनी त्याला ‘नेस्टेड’, म्हणजे घरट्यांसारखे पुंजके असलेला प्रकार, असे म्हटले आणि २००४ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तो या नावाने नोंदला गेला. निर्धोक ठरलेली गाठ कर्करोग म्हणून जगन्मान्य व्हायला पंचवीस वर्षे लागली. मूत्राशयाच्या शंभर कर्करोगांत हा प्रकार एकाहूनही कमी प्रमाणात आढळतो असे मानले जाते, त्यामुळे या दिरंगाईचे नवल वाटू नये.

हा फसवेपणा नेमका कशात आहे, हे समजण्यासाठी मूत्राशयाची भिंत डोळ्यांपुढे आणली पाहिजे. कापडाचा व्यवहार करणाऱ्यांना ते अवघड नाही. उत्तम कोटाला आतून अस्तर असते तसे मूत्राशयालाही आतून पेशींचे अस्तर असते. अस्तराखाली मऊ जाळीदार थर, त्याखाली मूत्राशय आकुंचित करणारा जाड स्नायू आणि सर्वांत बाहेर चरबी. या अस्तराच्या काही पेशी गोल पुंजक्यांच्या रूपाने खालच्या मऊ थरात उतरलेल्या असतात. आल्बर्ट फोन ब्रुन या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना ब्रुनचे पुंजके म्हणतात. बहुसंख्य निरोगी माणसांच्या मूत्राशयात ते असतातच. तो आजार नव्हे. ताटात वळून ठेवलेल्या लाडवांसारखे ते साधारण एका आकाराचे, एकमेकांपासून सारख्या अंतरावर असतात आणि मऊ थरातील एका ठरावीक पातळीवर थांबतात. जुनी जळजळ किंवा मूतखडा असेल तर त्यांची संख्या वाढते, पण पातळी ओलांडण्याचा अविचार ते करीत नाहीत.

नेस्टेड कर्करोगाचे पुंजकेही असेच दिसतात, आणि घोटाळा तिथेच होतो. एकेक पेशी वेगळी काढून पाहिली तर तिच्यात दोष काढणे कठीण. पेशीचे केंद्रक फारसे मोठे नाही, फारसे गडद नाही, विभाजनाची घाई दिसत नाही. दोष दिसतो तो एकत्र पाहिल्यावर. पुंजके दाटीवाटीने बसलेले असतात, लहानमोठे असतात, त्यांच्या कडा वेड्यावाकड्या असतात. आणि मुख्य म्हणजे ते खाली खाली सरकत स्नायूंच्या धाग्यांमध्ये घुसलेले असतात. पेशींचा थोडाफार बेढबपणा दिसलाच तर तो या खोल भागात दिसतो. बँकेच्या हिशेबतपासनिसाला हा अनुभव परका नाही. प्रत्येक व्हाउचर नियमाप्रमाणे असते, सही-शिक्का जागच्या जागी असतो, बेरजेत पैचा फरक नसतो. आणि तरीही एकाच खात्यातून एकाच दिशेने थोडी थोडी रक्कम रोज सरकत असते. व्हाउचरे एकेक करून तपासणाऱ्याला ती अफरातफर सापडत नाही. वर्षभराची खतावणी समोर पसरणाऱ्याला सापडते.

मूत्राशयाचे विकार घराच्या दिवाणखान्यात बोलले जात नाहीत, ही मोठीच अडचण आहे. हृदयाचा झटका, साखर, रक्तदाब यांची चर्चा लग्नाच्या पंगतीत चालते. लघवीतून रक्त गेले हे मात्र साठी उलटलेला गृहस्थ पत्नीलाही पटकन सांगत नाही. त्यातून हे रक्त बहुधा वेदनेविना येते, एखादा दिवस येते आणि आपोआप थांबते. थांबले की ‘उष्णता झाली असेल’ हे आपल्याकडचे जुने उत्तर तयार असते. चैत्र-वैशाखाचा ताव, उपवास, दुकानात दिवसभर पाणी प्यायला न मिळणे, अशी कारणे हाताशी असतातच. धणे-जिरे भिजवून प्यायल्याने बरे वाटले, असेही नंतर सांगितले जाते. प्रत्यक्षात ते थांबण्याची वेळ झाली म्हणून थांबलेले असते. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक आडवळण आहे. लघवीतले रक्त म्हणजे जंतुसंसर्ग असे गृहीत धरून औषधांच्या एकामागून एक चिठ्ठ्या लिहिल्या जातात आणि महिने निघून जातात.

आपल्या घरांत दुसरा एक भाबडा विश्वास असतो. घरात तंबाखू नाही, बिडी-सिगारेट नाही, मग असला आजार आपल्याकडे येईल कसा? मूत्राशयाच्या कर्करोगाच्या साधारण निम्म्या रुग्णांत तंबाखूचे धूम्रपान हे कारण असते, हे खरे. धुरातील विषारी द्रव्ये रक्तात जातात, मूत्रपिंड ती गाळते आणि मूत्राशयात ती तासन् तास साठून राहतात. नाशिक जिल्ह्यात, जिथे सिन्नरसारख्या गावात बिडी वळण्यावर अनेक घरे चालली, तिथे हे कोणी नव्याने सांगायला नको. परंतु निम्म्यांत तंबाखू म्हणजे उरलेल्या निम्म्यांत दुसरे काही. १८९५ मध्ये फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या शल्यवैद्याने रंगाच्या कारखान्यातील कामगारांत मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचे प्रथम दाखवून दिले. अ‍ॅनिलिनपासून बनणाऱ्या रंगांतील काही रसायने त्यामागे होती. पुष्कळ रुग्णांत तर कोणतेच कारण हाती लागत नाही. नेस्टेड प्रकार बहुतांशी साठीच्या आसपासच्या व त्यापुढच्या वयात दिसतो आणि पुरुषांत अधिक दिसतो. निर्व्यसनी माणसाला त्यातून सूट आहे, असे कोठेही नोंदलेले नाही.

समजा, माणूस अखेर डॉक्टरांकडे गेला. पुढच्या तपासण्याही या रोगाच्या बाबतीत थोड्या हात आखडूनच बोलतात. सोनोग्राफीत मूत्राशयात लोंबणारा फुलकोबीसारखा उंचवटा दिसला तर सारेच सावध होतात. पण हा रोग वर वाढण्यापेक्षा आत उतरतो, त्यामुळे भिंत थोडी जाड दिसते इतकेच. वर्णिलेल्या अनेक रुग्णांत तो मूत्रवाहिनीच्या मुखाजवळ असतो. मग त्या बाजूचे मूत्रपिंड फुगते आणि सर्वांचे लक्ष मूत्रपिंडाकडे जाते. लघवीतील पेशींची तपासणी केली तर पेशी साध्याच दिसतात, कारण त्या मुळात साध्याच दिसणाऱ्या आहेत, आणि वरचे अस्तर शाबूत असेल तर त्या लघवीत फारशा उतरतही नाहीत. दुर्बीण घालून पाहिले तर कधी लालसर चट्टा, कधी लहानसा उंचवटा, कधी अस्तराखाली काहीतरी फुगल्यासारखे, एवढाच दाखला मिळतो. अशा वेळी तुकडा काढून तपासणे एवढाच मार्ग उरतो.

आणि तुकडा किती खोलवरून काढला, यावर सारे अवलंबून असते. नाशिकच्या सराफ बाजारात ज्यांची हयात गेली त्यांना हे अधिक खोलात सांगण्याची गरज नाही. पाटली कसोटीच्या दगडावर घासली तर वरच्या थराचा कस कळतो. आत तांबे आहे की लाख, हे दगड सांगत नाही. त्यासाठी ती कापावी लागते. मूत्राशयाच्या अस्तराचा वरवरचा चिमटा घेतला तर त्यात जेमतेम मऊ थर येतो, त्या थरात गोल गोल पुंजके दिसतात आणि ते ब्रुनचे आहेत असे म्हणण्याखेरीज तपासणाऱ्यापुढे दुसरा आधार नसतो. त्या तुकड्यापुरते त्याचे म्हणणे खरेही असते. म्हणून मूत्रमार्गातून शिरून विजेच्या तारेने गाठ खरवडून काढताना तळाचा स्नायूही नमुन्यात यावा, असा मूत्रविकार शल्यविशारदांचा दंडक आहे. त्यातही विजेच्या उष्णतेने तुकड्याच्या कडा करपतात आणि करपलेल्या भागातले काही वाचता येत नाही. नमुन्यात स्नायू आलाच नसेल, तर दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा खरवडण्याचा सल्ला दिला जातो. या दुसऱ्या खेपेला घरची मंडळी हमखास विरोध करतात. ‘एकदा झाले ना? रिपोर्ट चांगला आला ना?’ हा प्रश्न माया करणाऱ्या माणसाचा असतो, पण त्याचे उत्तर अहवालातच शोधले पाहिजे. अहवालात ‘मस्क्युलॅरिस प्रोप्रिया’ असा शब्दप्रयोग असतो. तो स्नायू नमुन्यात आहे की नाही, हे त्यापुढे लिहिलेले असते. एवढी एक ओळ वाचून डॉक्टरांना विचारायला कोणाचीही आडकाठी नाही.

ज्या माणसाच्या निर्णयावर हे सर्व उभे असते, तो रुग्णाला कधी भेटत नाही. शल्यविशारदाचे नाव घरातल्या मुलालाही पाठ असते, पॅथॉलॉजिस्टचे नाव कोणी वाचतही नाही. तुकडा दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये बुडवून त्याच्याकडे येतो. तो मेणात बसवला जातो, त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या तीन-चार पट एवढेच पातळ काप घेतले जातात, जांभळ्या आणि गुलाबी रंगांत रंगवले जातात आणि मग तो मान खाली घालून पाहू लागतो. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये परळला सुरू झाले तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे आली. भारतीय विकृतिशास्त्राचा पाया घालणारा हा मराठी माणूस. त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये धोतराच्या घट्ट बांधणीच्या जागी कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची शास्त्रीय नोंद केली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला हे कोणी सांगितले असते तर ते हसले असते. आजही गजपंथाच्या दर्शनाला म्हसरूळला जाणारे शेकडो लोक १९९८ मध्ये स्थापन झालेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठावरून जातात. महाराष्ट्रभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांचे कामकाज या विद्यापीठाच्या अखत्यारीत चालते आणि राज्यातले बरेचसे नवे पॅथॉलॉजिस्ट त्याचीच पदवी घेऊन बाहेर पडतात, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते.

या माणसापुढचा पेच दुहेरी आहे. खऱ्या कर्करोगाला साधे पुंजके म्हटले तर रोगाला आत उतरायला मोकळीक मिळते. साध्या पुंजक्यांना कर्करोग म्हटले तर एका निरोगी माणसाचे मूत्राशय काढले जाण्याची वेळ येते. दुसरी चूक पहिलीपेक्षा लहान नाही. दुर्मिळ रोगाचे नाव ऐकून घाबरलेली कुटुंबे ही दुसरी बाजू विसरतात. म्हणून जाणता पॅथॉलॉजिस्ट अपुऱ्या नमुन्यावर ठाम बोलत नाही. ‘अधिक खोल नमुना पाठवावा’ असे लिहून थांबतो. घरच्यांना तो टाळाटाळ करतो असे वाटते. सावकाराने तारण पाहिल्यावाचून रक्कम देऊ नये, तसाच तो संयम आहे. अलीकडे त्याच्या मदतीला जनुकांची तपासणीही आली आहे. ‘टर्ट’ नावाच्या जनुकाच्या प्रवर्तक भागातील बदल बहुसंख्य नेस्टेड कर्करोगांत सापडतो आणि ब्रुनच्या निरुपद्रवी पुंजक्यांत सहसा सापडत नाही. मात्र ही तपासणी डोळ्यांनी पाहिलेल्याला जोड म्हणून आहे. स्नायूत शिरलेला पुंजका दिसला की निकाल तिथेच लागतो.

लक्षणे एक सांगत असतील आणि अहवाल दुसरे सांगत असेल, रक्त पुन्हा पुन्हा येत असेल, मूत्रपिंड फुगतच असेल आणि कागदावर मात्र ‘निर्धोक’ असेल, तर तोच नमुना दुसऱ्या डोळ्यांखाली जायला हवा. त्यासाठी रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रिया सोसावी लागतेच असे नाही. मेणात बसवलेले ठोकळे वर्षानुवर्षे टिकतात आणि त्यांतून नवे काप काढता येतात. प्रयोगशाळेकडे काचपट्ट्या आणि ठोकळे रीतसर मागता येतात, पोचपावती देऊन नेता येतात. टाटा रुग्णालयात बाहेरगावाहून आलेल्या रुग्णाचे हे नमुने तिथले तज्ज्ञ स्वतः पुन्हा पाहतात. नाशिक रोडहून सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला निघालेल्या प्रवाशांत अशा काचपट्ट्यांची छोटी डबी पिशवीत जपून नेणारा मुलगा किंवा जावई कधीतरी असतोच. यात पहिल्या डॉक्टरचा अपमान होतो, ही समजूत व्यापारी घरांत विशेष घट्ट आहे, कारण तिथे संबंध पिढ्यांचे असतात आणि डॉक्टर हा घरचाच मानला जातो. चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही. पुष्कळदा तेच होऊन ते सुचवतात.

नेस्टेड कर्करोग आहे असे नक्की झाले की मग कुटुंबाची खरी परीक्षा सुरू होते. पेशी दिसायला कितीही सौम्य असोत, वैद्यकशास्त्र या रोगाला उच्च दर्जाच्या आक्रमक कर्करोगाच्या रांगेतच बसवते. निदान होते तेव्हाच तो बऱ्याच रुग्णांत स्नायूत पोहोचलेला असतो. अशा वेळी प्रथम सिस्प्लॅटिन असलेली केमोथेरपी आणि नंतर मूत्राशय काढण्याची शस्त्रक्रिया, हा प्रचलित मार्ग आहे. मूत्रपिंड नीट काम करीत असेल तरच ते औषध देता येते, म्हणून फुगलेल्या मूत्रपिंडाची सोय आधी लावतात. काही निवडक रुग्णांत मूत्राशय ठेवून किरणोपचार आणि औषध यांची सांगड घालतात. पुरुषांत मूत्राशयाबरोबर प्रोस्टेट ग्रंथीही काढली जाते. लघवीला नवी वाट करण्यासाठी लहान आतड्याचा एक तुकडा वापरून पोटावर तोंड काढतात आणि तिथे पिशवी चिकटवतात, किंवा आतड्याचेच नवे मूत्राशय शिवतात.

‘दिसायला एवढ्या साध्या पेशी, आणि त्यासाठी सगळे मूत्राशय?’ हा प्रश्न या टप्प्यावर घरातले कोणी ना कोणी विचारतेच. उपचार टाळण्याची सर्वांत सोपी वाट याच प्रश्नातून निघते. कोणी काढ्याचे नाव सांगतो, कोणी सहा महिने थांबून पाहायला सांगतो, आणि पर्युषण किंवा मुलीचे लग्न आटोपले की पाहू, असेही ठरते. रोगाच्या त्याच अवस्थेतील नेहमीच्या मूत्राशय-कर्करोगाशी तुलना केली, तर नेस्टेड रुग्णांचे निकाल फारसे वेगळे नाहीत, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे हा रोग अधिक दुष्ट आहे म्हणून घाबरण्याचे कारण नाही. त्याची अवस्था उशिरा कळते, हे त्याचे दुखणे आहे, आणि कळल्यानंतरचे सहा महिने घरच्यांच्या हातात असतात.

पोटावरच्या पिशवीची धास्ती शस्त्रक्रियेपेक्षा मोठी असते. सामायिकाला बसता येईल का, प्रवास होईल का, देवळात चालेल का, असे प्रश्न माणूस डॉक्टरांना विचारत नाही, मनात ठेवतो. ती बदलायला शिकवणाऱ्या परिचारिका मोठ्या रुग्णालयांत असतात. सदऱ्याखाली पिशवी दिसत नाही, नीट बसवली तर वास येत नाही, आणि काही आठवड्यांत तिची निगा दाढी करण्याइतकी अंगवळणी पडते. बाकीच्या प्रश्नांची उत्तरे त्या घराने आणि त्यांच्या गुरुजनांनी द्यायची आहेत. ती शस्त्रक्रियेच्या आधी विचारून घेतलेली बरी.

काढलेले मूत्राशय पुन्हा त्याच वाटेने जाते, फॉर्मॅलिन, मेण, काचपट्टी. या खेपेला मात्र पॅथॉलॉजिस्टसमोर भिंतीचे सर्व थर असतात, अस्तरापासून चरबीपर्यंत. पुंजके कोठून निघाले, कोठवर पोहोचले, कडेला उरले का, किती लसिकाग्रंथी काढल्या आणि त्यांतल्या किती बाधित निघाल्या, हे सारे तो एकेक करून लिहितो. हा अहवाल दोन-तीन पानांचा असतो आणि पुढचे औषध द्यायचे की नाही, तपासणीला किती महिन्यांनी यायचे, हे त्यावरूनच ठरते.